महानायकाचा पंचनामा : पॉप संस्कृतीवर विडंबन लिहू पाहणाऱ्यांसाठी

‘गीक’ (म्हणजे चित्रपट, खेळ, फोन असल्या एखाद्या गोष्टीचा वेडा भक्त) नावाचा प्राणी खान्देशात आढळत नाही, असे पुण्या-मुंबईकडच्या कोणाला वाटत असेल, तर त्याने हिवाळ्यात यावल तालुक्यातल्या एखाद्या शेतावर भरीत पार्टीला यावे. एकीकडे पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात असतात आणि दुसरीकडे सतरंजीवर बसलेली अभियांत्रिकीची चार मुले, कोणत्या महानायकाला (म्हणजे सुपरहिरोला) कोणत्या भागात कोणी हरवले यावर असा वाद घालत असतात, की भाऊबंदकीतले बांधाचे भांडण त्यापुढे सौम्य वाटावे. ही मंडळी, त्यांची दैवते, त्यांचे फोन, त्यांचे खेळ आणि त्यांची व्रतवैकल्ये यांच्यावर विनोदी पण नेमके लिहावे असे ज्यांना वाटते, आणि सुरुवात कुठून करावी हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

मी स्वतः काही वर्षे महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांसाठी प्रहसने लिहून देत आलो आहे. माझे पहिले प्रहसन सपशेल पडले. त्यात मी परदेशी महानायकाला धोतर नेसवले होते, डोक्यावर टोपी ठेवली होती आणि हातात शेवभाजीची वाटी दिली होती. पडदा वर गेला तेव्हा प्रेक्षागृह दणाणले. पण ते हसू पाऊण मिनिट टिकले आणि उरलेली बारा मिनिटे फक्त खुर्च्या सरकल्याचे आवाज येत राहिले. चूक कळायला मला पुढचे वर्ष जावे लागले. मी त्या महानायकाला खान्देशात आणून बसवले होते, पण खान्देशचे नियम त्याला लावले नव्हते. वेश बदलल्याने हसू फुटते खरे, मात्र ते टिकवायचे असेल तर त्या वेशातल्या माणसाला इथला तलाठी, इथले ऊन आणि इथल्या शेजारणी भेटल्या पाहिजेत.

आधी भक्त व्हावे लागते

ज्या गोष्टीची थट्टा करायची ती गोष्ट तिच्या भक्ताइतकी पाठ असावी, ही पहिली पायरी आहे आणि नवखे लोक नेमकी हीच गाळतात. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने केलेली विडंबने आजही वाचवतात, कारण ज्या कवींना त्यांनी टोले दिले त्यांची वृत्ते, लाडके शब्द आणि लकबी अत्र्यांना तोंडपाठ होत्या. अलीकडचे आणि आपल्या अंगणाजवळचे उदाहरण मालेगावचे आहे. मालेगाव नाशिक जिल्ह्यात मोडत असले, तरी तिथली बोली, बाजार आणि सोयरिकी यांचा ओढा खान्देशाकडेच आहे. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास गाजलेल्या हिंदी चित्रपटाची स्थानिक नक्कल केली, पुढे थेट सुपरमॅनला मालेगावात उतरवले, आणि त्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी केलेला माहितीपट देशोदेशी पाहिला गेला. यंत्रमागावर राबणारी माणसे त्यात कामे करीत होती, बैलगाडीचा उपयोग क्रेनसारखा आणि सायकलीचा उपयोग कॅमेरा सरकवण्यासाठी होत होता, हे सगळे कौतुकाने सांगितले जाते. माझ्या मते खरी शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे : पार्लरमध्ये तेच तेच चित्रपट रोज पाहणाऱ्या माणसाला कोणते दृश्य कुठे वळते हे ठाऊक असते, आणि म्हणून कोणत्या ठिकाणी त्याला धक्का दिला की प्रेक्षक हसेल, हेही ठाऊक असते.

तेव्हा कोरी वही घ्यावी आणि निवडलेल्या विषयाबद्दल असे दहा तपशील लिहावेत, जे फक्त भक्तालाच माहीत असतात. सुपरमॅन १९३८ सालच्या एका अमेरिकी कॉमिकमधून आला, एवढे लिहून भागणार नाही. हा गडी नुसता चष्मा लावतो आणि वृत्तपत्राच्या कचेरीत रोज शेजारी बसणाऱ्या बाईलाही ओळखू येत नाही, ही खरी कामाची नोंद आहे. १९९७ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या शक्तिमानचीही तीच गत, त्याचा गंगाधर चष्म्याच्या जोडीला पुढे आलेले दात बाळगतो इतकाच फरक. ‘स्टार वॉर्स’चा पहिला चित्रपट १९७७ मध्ये लागला आणि १९८१ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना त्याच्या सुरुवातीला ‘भाग चौथा’ अशी पाटी जोडण्यात आली, तर पहिला भाग १९९९ मध्ये आला. म्हणजे घरात पहिलाच मुलगा झाला, चार वर्षांनी त्याचे बारसे केले, त्यात त्याला चौथा म्हणून जाहीर केले आणि वरच्या तिघांची वाट पाहत सगळे गाव बसले. असा तपशील सापडला की अर्धे लेखन झालेच म्हणून समजावे, कारण इथे आपल्याला काहीही वाढवून सांगावे लागत नाही.

नेम कोणावर धरायचा

दुसरी पायरी म्हणजे नेम. विडंबनाचा विषय आणि विडंबनाचे लक्ष्य या दोन गोष्टी वेगळ्या असतात. विषय महानायक असेल, लक्ष्य मात्र त्याच्या चित्रपटाचे पहाटेचे तिकीट काढून दुपारपर्यंत सगळ्या गावाला शेवट सांगत फिरणारा आपला मित्र असू शकतो. विषय फोन असेल, लक्ष्य मात्र जुन्या फोनचे हप्ते फिटण्याआधी नव्यासाठी वडिलांच्या मागे लागलेला मुलगा. बहिणाबाई चौधरींनी जळगावच्या छापखान्यावर कविता केली तेव्हा यंत्राची टिंगल केली नाही. कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र होता तसाच राहतो, असा रोख त्यांनी माणसाकडे वळवला. यंत्र नवे असते, त्याच्यापुढे उभा राहिलेला माणूस जुनाच असतो, आणि विनोदाला हा जुना माणूस फार मानवतो.

लिहायला बसण्यापूर्वी एक वाक्य पूर्ण करावे : ‘मी अमक्याची थट्टा करतो आहे, कारण तो तमके करतो.’ या वाक्यातला ‘कारण’ नंतरचा भाग सुचत नसेल, तर आपल्याला थट्टा करायची नसून केवळ नाक मुरडायचे आहे, असे समजून विषय बदलावा. मुलांना खेळांचे वेड आहे म्हणून ती वाया गेली, हे वाक्य विडंबनाचे नाही, ते पालकसभेचे आहे.

साचा जसाच्या तसा, बदल एकच

आता प्रत्यक्ष लेखन. इथे थोडे थांबून एक नमुना पाहू, कारण नवख्या लेखकाचे नव्वद टक्के अपघात याच वळणावर होतात.

समजा आपल्याला नव्या फोनच्या उद्घाटन सोहळ्याचे विडंबन करायचे आहे. त्या सोहळ्याचा साचा ठरलेला असतो. अंधारा रंगमंच, साध्या कपड्यांतला एक गंभीर गृहस्थ, मागच्या वर्षीच्या वस्तूशी तुलना, टक्केवारी, एखाद्या क्षुल्लक बदलाला दिलेले भारदस्त नाव, आणि शेवटी किंमत. या साच्यातले काहीही हलवायचे नाही. फोनच्या जागी फक्त भरिताचे वांगे ठेवायचे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असल्यामुळे त्याला रंगमंचावर येण्याचा अधिकारही आहे. मजकूर साधारण असा होईल :

‘मित्रहो, गेली कित्येक वर्षे आम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो. वांगे याहून अधिक वांगे होऊ शकते काय? आज मी आपल्यासमोर आमचे आजवरचे सर्वांत हिरवे वांगे सादर करीत आहे. गतवर्षीच्या वांग्यापेक्षा ते बारा टक्के अधिक लांब असून त्याच्या देठाची रचना मुळापासून नव्याने करण्यात आली आहे. बिया आम्ही कमी केल्या आहेत, कारण आपल्या वेळेचे मोल आम्ही जाणतो. खोक्यात वांगे मिळेल. तेल, मिरची, लसूण आणि काडेपेटी स्वतंत्रपणे घ्यावी लागेल. काडेपेटी काढून टाकण्याचा निर्णय पर्यावरणाच्या काळजीपोटी घेतला आहे.’

शेवटच्या दोन वाक्यांना हसू येते, कारण २०२० च्या ऑक्टोबरात ॲपलने आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढला तेव्हा पर्यावरणाचेच कारण पुढे केले होते, आणि हे ज्याला आठवते तो दुप्पट हसतो. ज्याला आठवत नाही त्यालाही, वांगे भाजायला काडेपेटी लागते आणि ती वेगळी विकत घ्यायची आहे, एवढे कळतेच. दोन्ही प्रकारच्या वाचकांना काही ना काही मिळाले पाहिजे.

माझ्या पहिल्या खर्ड्यात यानंतर ते वांगे स्वतः बोलू लागत होते आणि पुढे नाचतही होते. ते मी काढून टाकले. वांगे हा फोन आहे, असे एकदा ठरले की ते फोनसारखेच वागले पाहिजे. ते नाचू लागले की वाचकाने मान्य केलेला करार मोडतो आणि मग कशालाही काहीही अर्थ उरत नाही. एक अशक्य गोष्ट वाचक आनंदाने गिळतो, दुसरीला तो खोकतो.

याच जातीचे आणखी एक बीज सांगतो, ज्याला हवे त्याने फुलवावे. दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणून जो गाजावाजा होतो, त्या कॅमेऱ्यात एरवी सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेच छायाचित्र निघते. अंधुक उजेडात चित्र चांगले यावे म्हणून ते केलेले असते, त्यात फसवणूक नाही. पण लग्नपत्रिका दोनशे वाटाव्यात आणि पंगतीला साडेबारा पाने पडावीत, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर यजमानाचे तोंड पाहण्याचा मोह कोणाला आवरेल?

खान्देशचे नियम

मघाशी जे पाऊण मिनिटाचे हसू सांगितले, त्यावरचा उपाय या पायरीत आहे. पात्र इथे उतरले की त्याला इथले कोणते नियम लागू होतील, याची यादी करावी, आणि ती शक्य तितकी रूक्ष असावी.

ऊन पहा. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी कुत्रेसुद्धा गटाराच्या कडेला पडून असते. तिथे अंगाला चिकटलेला पोशाख आणि वर जाडजूड अंगरखा घालून जगाचे रक्षण करायला निघालेल्या माणसाला पहिली गरज गुळ-पाण्याची आणि डोक्याला बांधायच्या उपरण्याची लागेल. गुप्त ओळख पहा. चष्मा लावून अमेरिकेतले वृत्तपत्र फसत असेल, पण अमळनेर किंवा पारोळ्याकडच्या गावात पारावरची म्हातारी डोळे बारीक करून ‘कोना पोऱ्या शे तू?’ एवढेच विचारेल, आणि तीन प्रश्नांत त्याचे आजोळ, गोत आणि आत्याचे लग्न कुठल्या गावी झाले इथपर्यंत पोहोचेल. ज्या समाजात माणूस चालीवरून ओळखला जातो, तिथे महानायकाला दोन आयुष्ये जगणे अवघड आहे.

मात्र माझ्या दुसऱ्या प्रहसनाला ज्या नियमाने तारले तो होता पीकनुकसानीचा. महानायक आकाशातून उतरतो, तेव्हा चित्रपटात रस्त्याला भेगा पडतात आणि मोटारी उडतात. रावेर-यावलच्या पट्ट्यात तो उतरेल तर केळीच्या बागेत, दुसरी जागाच नाही. केळीचे झाड वरून घडाने जड आणि खोडाने मऊ असते, त्यामुळे जोराचा वारा आला की उभी बाग आडवी होते, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. प्रहसनात मी एवढेच केले : महानायक उतरतो, दोन एकर बाग झोपते, खलनायक पळून जातो, आणि शेतकरी महानायकाचा हात धरून म्हणतो, ‘भाऊ, पंचनामा होईपर्यंत कुठे जायचे नाही.’

त्यानंतरची पंधरा मिनिटे केवळ कागदोपत्री कारवाईची होती. तलाठी येतो (त्याला आता सरकारी कागदावर ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र तो तलाठीच आहे), कृषी सहायक येतो, ग्रामसेवक येतो. सातबारा आणि गट क्रमांक तपासला जातो. नुकसानीचे कारण लिहायच्या रकान्यात वादळ, गारपीट, अतिवृष्टी आहे, महानायक नाही. शेतकऱ्याने हवामानावर आधारित फळपीक विमा काढलेला असतो आणि त्यात वेगाच्या वाऱ्याला संरक्षण असते. पण वारा मोजणारे स्वयंचलित यंत्र महसूल मंडळाच्या (म्हणजे बऱ्याच गावांच्या गटाच्या) गावी, आणि महानायक उतरला इथे, त्यामुळे यंत्राच्या लेखी त्या दिवशी पानही हललेले नाही. शेवटी सर्वानुमते महानायकाला विनंती केली जाते, की त्याने एकदा मंडळाच्या गावी जाऊन यंत्राजवळून उडावे. तो उडतो. तिथली बाग झोपते.

या प्रसंगात एकही शाब्दिक कोटी नाही आणि महानायकाची टिंगलही नाही. तो बिचारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सज्जन आहे. चित्रपटातल्या विध्वंसाची भरपाई कोण देतो हा भक्तांचा जुना प्रश्न, आणि पंचनाम्यातला रकाना हा आपला जुना प्रश्न, हे दोन एका बांधावर आणून उभे केले, इतकेच.

बोलीबद्दल थोडे स्पष्ट

पडद्यावर अहिराणी बोलणारा माणूस आला की तो मूर्ख असणार, असा एक आळशी प्रघात बाहेरच्या लेखकांनी पाडला आहे आणि आपल्यापैकी काहींनी तो निमूटपणे उचलला आहे. तो पाळू नये. अहिराणी बोलणारे पात्र प्रसंगातले सर्वांत शहाणे ठेवावे आणि गोंधळ प्रमाण मराठी किंवा इंग्रजी झाडणाऱ्याच्या वाट्याला द्यावा; परिणाम किती पालटतो ते करून पहावे. खान्देश म्हणजे सरसकट अहिराणी, हाही गैरसमज आहे. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या बाजूला अहिराणी; पूर्वेकडे यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोलीचा वावर; त्यामुळे फैजपूरच्या शेतकऱ्याच्या तोंडी शिरपूरचे शब्द घातले तर पहिल्या रांगेतले लोक हसणार नाहीत, दुरुस्ती करतील. बोली येत नसेल तर साध्या मराठीत लिहावे आणि एखादेच वाक्य जाणकाराकडून तपासून घ्यावे.

कायद्याची बाजू

हा भाग रटाळ आहे, पण टाळता येत नाही. भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा आहे आणि त्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी व परीक्षणासाठी मूळ कृतीच्या योग्य वापराला सूट आहे. विडंबन असा शब्द वापरून वेगळी सूट मात्र तिथे दिलेली नाही. म्हणून शैली, साचा आणि कल्पना यांची थट्टा खुशाल करावी, पण मूळ चित्रफीत आणि मूळ गाणे उचलून वापरणे टाळावे. यूट्यूबवर तर माणसाने तक्रार करण्याआधी यंत्रच गाणे ओळखते, आणि प्रताधिकारभंगाचे तीन ठपके नव्वद दिवसांत बसले तर वाहिनी बंद होऊ शकते. बदनामीचे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ या क्रमांकाने आले आहे, हेही ध्यानात असावे. थट्टा सार्वजनिक व्यक्तीच्या सार्वजनिक कामाची करावी. शेजारच्या गल्लीतल्या मुलाचे नाव घेऊन त्याच्या वेडाची करू नये, मग तो कितीही चिडवण्याजोगा असो. जात, रंग, शरीर आणि बायकांची चेष्टा यांवर उभा राहिलेला विनोद कायद्यात बसला तरी लिहू नये, असे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

वाचून दाखवणे

खर्डा झाला की तो दोन माणसांना मोठ्याने वाचून दाखवावा. एक माणूस त्या विषयाचा कट्टर भक्त असावा आणि दुसऱ्याने तो चित्रपट, खेळ किंवा फोन कधी पाहिलेलाही नसावा. मी दुसऱ्या जागी आईला बसवतो. भक्त मध्येच ‘पण तिसऱ्या भागात तसे नाही’ असे म्हणाला तर तो तपशील दुरुस्त करावा, कारण बाहेर असे शंभर जण बसलेले असतात. त्याला थोडे लागले आणि तरी तो हसला, तर नेम बरोबर बसला आहे. आई जिथे ‘म्हणजे काय रे?’ विचारते, तिथे मी स्पष्टीकरण जोडत नाही, तर ते वाक्यच काढून टाकतो. स्पष्टीकरण दिलेला विनोद कळणाच्या गार भाकरीसारखा असतो, पोट भरते पण चव कळत नाही. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या मूर्खासारखे प्रश्न विचारतो आणि त्या निमित्ताने प्रेक्षकाला लागणारी माहिती खेळातच मिळून जाते. फार माहिती देणे भागच असेल तर ही जुनी युक्ती वापरावी.

ताजेपणाचे गणितही याच वेळी तपासावे. २०२० मध्ये टिकटॉक आणि पबजी यांच्यावर बंदी आली तेव्हाच्या महिन्याभरात लिहिलेले विनोद आज वाचवत नाहीत, पण त्याच बंदीनंतर सुन्न होऊन ओट्यावर बसलेल्या मुलाला आजीने ‘जेवून घे, कोणी गेले का?’ असे विचारल्याचा प्रसंग अजून चालतो.

सुरुवातीला दीडशे शब्दांचा मजकूर पुरे. एक वस्तू निवडावी, तिचा साचा लिहून काढावा, एकच गोष्ट बदलावी आणि इथला एक रूक्ष नियम लावावा. असे पाच तुकडे झाले की त्यांतला एखादा आपोआप प्रहसनाएवढा वाढू लागतो.

केळीच्या पंचनाम्याचा प्रयोग संपल्यावर मागच्या रांगेतले एक सेवानिवृत्त तलाठी मुद्दाम रंगमंचामागे आले. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी चष्मा पुसला, माझ्या हातातली संहिता मागून घेतली, चौथे पान उघडले आणि म्हणाले, ‘बाकी ठीक आहे. पण पंच दोन लागतात, तुम्ही एकाचीच सही घेतली आहे.’ पुढच्या प्रयोगात दुसरा पंच म्हणून आम्ही खलनायकाला परत बोलावले.